काच, शिसे आणि सांधा

सौसरच्या भूमीत मॅंगनीज विपुल आहे. भूगर्भशास्त्रज्ञांनी या पट्ट्यातील खडकांच्या समूहाला सौसरचेच नाव दिले आहे. पोलादाच्या कारखान्यांना लागणाऱ्या या खनिजाचे काचेशीही जुने नाते आहे. वाळूतील लोहामुळे काचेला हिरवट झाक येते; मॅंगनीजचा अल्प अंश ती घालवितो, आणि प्रमाण वाढविले की काच जांभळी होते. मुंबईत १८७८ साली पुरा झालेल्या राजाबाई मनोऱ्याला शोभविणाऱ्या रंगीत तावदानांत रंग वरून फासलेला नसतो. बहुतांशी तो काचेच्या अंगातच असतो.

असे लहानसे तावदान घरीही जुळविता येते. पांढुर्णा-सौसरच्या बागेतील एक संत्रे, दोन पाने आणि मागे जांभळे आकाश, एवढा विषय पहिल्या प्रयत्नास पुरे. मात्र चित्र काढतानाच काचेचा स्वभाव ओळखावा लागतो. आत वळणारा खोल बाक कापू गेल्यास काच तडकते. म्हणून संत्र्याभोवतीचे आकाश अनेक तुकड्यांत विभागावे लागते.

पूर्ण मापाचे चित्र फळीवर पसरून दोन कडांना काटकोनात पट्ट्या ठोकतात आणि कोपऱ्यापासून जुळणीस आरंभ होतो. दोन्ही अंगांना खाच असलेल्या शिशाच्या पट्टीत एकेक काच बसविली जाते. पुढचा तुकडा येईपर्यंत खिळे तिला धरून ठेवतात.

खरी कसोटी डाख लावताना लागते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ अंशांना. पण साठ भाग कथील व चाळीस भाग शिसे यांचा डाख १८३ अंशांनाच मऊ पडू लागतो व १९० च्या सुमारास पूर्ण पातळ होतो. या अंतरामुळेच शिशाची पट्टी न वितळता सांधा जुळतो. तापलेले लोखंड तेथे क्षणभर रेंगाळले, तर मात्र पट्टीच गळून जाते. सांधा आधी घासून त्यावर ओलेइक आम्ल लावतात. कल्हईत नवसागर जे मळ काढण्याचे काम करतो, तेच ते करते. दोन्ही बाजूंचे सांधे झाले, की पट्टीखाली अळशीचे तेल व खडूची पूड यांची लुकण भरतात. तिच्यामुळे काच खडखडत नाही आणि पाणीही आत शिरत नाही.

परंतु कल्हईचे कथील आणि हा डाख एक नव्हेत. डाखात शिसे असते. तो स्वयंपाकाच्या भांड्याला कदापि लावू नये. शिशाचा धोका धुरापेक्षाही धुळीतून व बोटांवाटे पोटात जाण्याचा अधिक, आणि लहान मुलांच्या मेंदूला तो सर्वांत घातक. म्हणून हे काम स्वयंपाकघरात नसावे. खिडक्या उघड्या असाव्यात, काम चालू असता खाणेपिणे नसावे, आणि शेवटी फळी ओल्या फडक्याने पुसून हात साबणाने धुवावेत. तयार तावदानही मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, उजेडाच्या वाटेत लावावे.