पाहण्याजोगा बाजार

कोरियन मालिका आणि गाणी आता आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या मोबाइलवरही पोचली आहेत, त्यामुळे सेऊल हे नाव अनसिंगच्या शाळकरी मुलांनाही नवं वाटत नाही. या शहराच्या सहलीचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळी राजवाडा, दुपारी नामसान टेकडीवरचा मनोरा आणि संध्याकाळी म्योंगदोंगच्या झगमगत्या दुकानांत खरेदी. पाहणं वेगळं आणि खरेदी वेगळी, अशी ही वाटणी आहे. ती मला चुकीची वाटते. सेऊलमधली सगळ्यात मोलाची प्रेक्षणीय स्थळं म्हणजे तिथले जुने बाजार. तिथल्या माणसांना त्यांची रोज गरज पडते, म्हणूनच ते पाहण्याजोगे राहिले आहेत.

कुणी म्हणेल, इतिहास राजवाड्यात असतो, भाजी-कापडाच्या गर्दीत कुठला? ग्योंगबोकगुंग हा राजवाडा 1395 चा. 1592 च्या जपानी स्वारीच्या वेळी तो जळाला, 1867 मध्ये पुन्हा उभा राहिला आणि जपानी राजवटीत त्यातल्या बहुतेक इमारती पाडल्या गेल्या. आज दिसतं त्यातलं बरंचसं 1990 नंतर नव्याने बांधलेलं आहे. तो पाहावाच. पण त्याच शहरात ग्वांगजांग नावाचा बाजार आहे, 1905 सालचा. जपानने करार लादून कोरियाचा परराष्ट्र कारभार आपल्या हाती घेतला ते हेच वर्ष. नामदेमुनच्या जुन्या बाजारावर जपानी व्यापाराचा पगडा बसू लागला, तेव्हा कोरियन व्यापाऱ्यांनी स्वतःचं भांडवल जमवून हा नवा बाजार उभा केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कापडाची होळी पेटली होती. एकमेकांची ओळखही नसलेल्या दोन देशांत, एकाच वर्षी, दुकानदारी हा स्वाभिमानाचा प्रश्न झाला. ग्वांगजांगमध्ये आजही रेशमी कापडाची दुकानं आहेत, आणि शेजारीच भिजवलेले मूग जात्यावर दळून तव्यावर जाड धिरडी घातली जातात. गिऱ्हाईक बाकावर अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून ती खातं. राजाचा इतिहास राजवाड्यात सापडेल. परक्या सत्तेखाली सामान्य माणूस कसा तगला, हे मात्र या बाकांवर कळतं.

आपल्याला त्याहून जवळचा वाटेल तो तिथला दर पाच दिवसांनी भरणारा बाजार. आपल्याकडे बाजाराचा वार ठरलेला असतो. नागपूरच्या इतवारी आणि बुधवारी या वस्त्यांनी तर आपली नावंच बाजाराच्या वारावरून घेतली. कोरियात वाराऐवजी तारीख धरतात. एका गावी 2 आणि 7 या आकड्यांनी संपणाऱ्या तारखांना बाजार, तर दुसऱ्या गावी 3 आणि 8 च्या. म्हणजे फिरत्या विक्रेत्याला रोज कुठे ना कुठे बाजार मिळतो. सेऊलला खेटून असलेल्या सोंगनाम शहरातला मोरान बाजार 4 आणि 9 च्या तारखांना भरतो. गगनचुंबी इमारती आणि भुयारी रेल्वे यांच्या मधोमध लोक धान्य, रोपं, औषधी मुळ्या मांडून बसतात. एरवी ती जागा वाहनतळ म्हणून वापरली जाते. एकच जमीन, दोन उपयोग, आणि बाजाराच्या दिवशी तिच्यावर पहिला हक्क बाजाराचा. आठवडी बाजार ही मागासलेपणाची खूण आहे आणि शहर झालं की ती पुसली जाणार, असं मानणाऱ्यांना मोरानने प्रत्यक्ष उत्तर दिलं आहे.

हे आपोआप घडलेलं नाही. मोठमोठी मार्ट आली तसे तिथलेही जुने बाजार ओस पडू लागले होते. मग सरकारने त्यांच्यासाठी खास कायदा केला, गल्ल्यांवर छतं घातली, आणि 2009 पासून जुन्या बाजारांत चालणारी ओन्नुरी नावाची खरेदीपत्रं काढली. 2012 मध्ये कायदा बदलून स्थानिक प्रशासनाला अधिकार दिला, की मोठ्या मार्टना महिन्यातून एक-दोन दिवस बंद ठेवायला लावावं. यावर तिथेही जोरदार आक्षेप आहे. मार्ट बंद असलं की लोक बाजारात जात नाहीत, घरबसल्या ऑनलाइन मागवतात, असं टीकाकार म्हणतात. त्यात तथ्य आहे. म्हणूनच मला बंदीपेक्षा छत महत्त्वाचं वाटतं. माणूस पावसात न भिजता, चिखल न तुडवता भाजी घेऊ शकला, तर त्याला बाजारात ओढून आणावं लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बाजार प्रेक्षणीय झाला की बिघडतो. ग्वांगजांगमध्येच 2023 साली परक्या गिऱ्हाइकांकडून जास्त दाम आणि कमी माप यांचा बोभाटा झाला आणि महापालिकेला लक्ष घालावं लागलं. त्याच बाजाराच्या शेजारून वाहणारा चोंगग्येचोन ओढा वरचा उड्डाणपूल पाडून 2005 मध्ये मोकळा केला. आज सहलवाले त्याचे फोटो काढतात. पण तिथल्या पथारीवाल्यांना आधी जवळच्या एका स्टेडियमवर नेलं आणि पुढे ते स्टेडियम पाडायचं ठरल्यावर तिथूनही उठवलं. ओढा सुंदर झाला हे खरं, पण हातावर पोट असलेल्या माणसांनी त्याची किंमत मोजली हेही तितकंच खरं. शोभेसाठी बाजार हलवला की तो बाजार राहत नाही, एवढा धडा यातून घ्यायलाच हवा.

कोरिया श्रीमंत आहे, आपली ग्रामपंचायत कुठून आणणार तेवढा पैसा, असं अनसिंगचा माणूस म्हणेल. भुयारी रेल्वे आपण आणू शकत नाही, हे मान्य. पण पिण्याच्या पाण्याची टाकी, बायांसाठी स्वच्छतागृह, पाणी वाहून जाईल अशी नाली आणि चार ओटे यांना कोरियाची श्रीमंती लागत नाही. खेड्यातून टोपलं घेऊन आलेली बाई दिवसभर पाणीही न पिता बसते, कारण जायला आडोसा नसतो. ही गोष्ट पैशाच्या टंचाईपेक्षा आपल्या दुर्लक्षाची आहे. ज्या गावात बाजाराचा हर्रास, म्हणजे वसुलीचा लिलाव, होतो, तिथे दरवर्षी बाजारातूनच पैसा येतो. बसणारा प्रत्येक विक्रेता तो भरतो. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. येत्या ग्रामसभेला जा, बाजारातून किती वसुली झाली आणि त्यातले किती रुपये बाजाराच्या जागेवर खर्च झाले ते विचारा, आणि उत्तर ठरावाच्या वहीत लिहून घ्यायला लावा.