कोयनेचे पाणी

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



नववीच्या वर्गात एका मुलाने विचारले, “सर, वीज काढून घेतल्यावर पाण्यातली ताकद जाते ना? मग शेतीला त्याचा काय उपयोग?” हा समज घरोघरी आहे. पाण्यातून काहीच काढून घेत नाहीत. फक्त ते उंचावरून पडते, आणि त्या वेगावर चक्र फिरते.

कोयना खरे म्हणजे पूर्ववाहिनी. कराडला कृष्णेस मिळणारी. पाटबंधारे खात्याच्या इंजिनिअरांनी हेळवाकजवळ तिला १०३ मीटर उंच धरण घातले व सह्याद्रीच्या पोटातून बोगदा काढून काही पाणी पश्चिमेकडे वळवले. १९६२ साली कुंभार्ली घाटाखाली, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पहिले जनित्र फिरले. तेच पाणी पुढे कोळकेवाडीला पुन्हा वीज देते आणि वाशिष्ठीत येते. चिपळूणची वाशिष्ठी भर उन्हाळ्यात वाहते ती यामुळेच. आता त्या मुलाला उत्तर मिळाले असेल! आज सर्व टप्पे मिळून क्षमता १९६० मेगावॅट आहे.

पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले. धरणाच्या पाठीकडचा उतार वरच्या भागात जेथे एकदम बदलतो, तेथे भिंतीला आडव्या भेगा पडल्या. धरण मात्र उभे राहिले. खात्याने भेगा भरल्या, मागून काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. सरकारी खात्याला आपण ऊठसूट नावे ठेवतो, मीही ठेवतो; परंतु धरण बांधून निघून न जाता त्याची जबाबदारी पिढ्यान्‌पिढ्या वाहणे, हे त्याच खात्याने केले. १३ मार्च १९९९ रोजी तर भरल्या जलाशयाच्या तळाशी राखलेला शेवटचा खडक सुरुंगाने उडवून चौथ्या टप्प्याच्या बोगद्यात पाणी घेतले.

एका बाबतीत मात्र हिशेब चुकता झालेला नाही. शिवसागराखाली ज्यांची गावे गेली, त्यांपैकी कित्येकांना पर्यायी जमिनीसाठी दशकानुदशके कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. भिंतीची भेग भरली, ही राहिली.

यंदा नववीची सहल कोयनानगरला नेण्याचा विचार आहे. पालकांनी संमतिपत्रे वेळेवर पाठवावीत, आणि मुलींचीही पाठवावीत.