दोन चाके की तीन?
(आठवडे बाजार करणाऱ्या मंडळींपुढे साक्षरता वर्गात केलेले भाषण)



तुमच्यापैकी पुष्कळजण फिरतीचा धंदा करतात. कुणी भांडी विकतो, कुणी कापड, कुणी बांगड्या, कुणी मसाला. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. गाठोडे मोटारसायकलला मागे बांधायचे, दोन पिशव्या दोन बाजूंना लटकवायच्या आणि तांबडे फुटायच्या आत निघायचे. मोटारसायकल हेच तुमचे दुकान आणि तेच तुमचे गोदाम.

अलीकडे वर्गात एक प्रश्न वारंवार निघतो. "मोटारसायकल विकावी आणि तीनचाकी घ्यावी का?" कुणाची पाठ दुखते. कुणाचे गुडघे बोलतात. कुणी पावसात चिखलात घसरून पडला, माल भिजला. कुणाच्या शेजाऱ्याने तीनचाकी आणली, दारात उभी केली, नारळ फोडला. मग घरात बोलणे सुरू होते, "आपणही घेऊ या की!"

घ्यावी की न घ्यावी, हे आम्ही सांगणार नाही. ज्याचा माल वेगळा, ज्याची वाट वेगळी, त्याचे उत्तरही वेगळे. पण उत्तर कसे काढावे, तेवढे आज सांगतो.

आधी या तीनचाकीची थोडी हकीकत ऐका. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. इटली देश पार मोडकळीला आला होता. लहान दुकानदाराला माल न्यायला गाडी हवी, पण मोठ्या गाडीला पैसा नाही. तिथे पियाजिओ नावाचा कारखाना व्हेस्पा स्कूटर करीत होता. त्याने १९४८ साली त्याच धर्तीवर मागे दोन चाके आणि वर हौदा असलेली गाडी बाजारात आणली. व्हेस्पा म्हणजे त्यांच्या भाषेत गांधीलमाशी. या नव्या गाडीचे नाव ठेवले आपे, म्हणजे मधमाशी. दिवसभर राबणारी! आपण खेड्यात जिला अ‍ॅपे म्हणतो, ती हीच. आज ती आपल्या बारामतीलाही तयार होते. म्हणजे ही गाडी मुळातच तुमच्यासारख्या लहान व्यापाऱ्यासाठी जन्मली. पण म्हणून ती प्रत्येक लहान व्यापाऱ्याला परवडेलच असे नाही.

आता पहिली गोष्ट, माल. घरी गेल्यावर आपले गाठोडे काट्यावर घाला. कितीजणांनी आजवर ते वजन केले आहे? मोटारसायकलवर साठ-सत्तर किलो माल बांधला की तिचा तोल मागे जातो. पुढचे चाक हलके होते. उभी करताना पाय घसरला तर माल, गाडी आणि माणूस तिन्ही खाली. तीनचाकी आपल्या चाकांवर उभी राहते. पाय टेकावा लागत नाही. मालाच्या तीनचाकीत काही क्विंटल माल जातो. किती न्यायचा, ते गाडीच्या कागदावर लिहिलेले असते. तो आकडा स्वतः वाचा. विकणारा तोंडाने सांगतो तो आकडा मोठा असतो.

पण विचार करा. तुमचा मालच जर चाळीस किलोचा असेल, बांगड्यांचा किंवा मसाल्याचा, तर रिकामा हौदा रोज फिरवून काय मिळणार? वारा वाहून नेल्यासारखे होईल ते.

दुसरी गोष्ट, वाट. मोटारसायकलचा माग एक. खड्डा आला की ती बाजूने काढता येते. तीनचाकीचे माग तीन. पुढचे चाक खड्ड्यातून वाचवले तर मागचे एक त्यात जातेच. बैलगाडीच्या चाकोऱ्यांची वाट असेल तर मागची चाके चाकोरीत आणि पुढचे चाक मधल्या उंचवट्यावर चालते. म्हणून पाठीला धक्के बसायचे थांबतील असे समजू नका. ऊन-पाऊस वरच्या टपामुळे कमी लागेल, तोल सांभाळण्याचे कष्ट वाचतील. धक्के मात्र राहतील.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ती जीवाशी आहे, म्हणून नीट ऐका.

लोक म्हणतात, "तीन चाके आहेत, ती कशाला उलटते?" अहो, उलटते! आपल्या घरातली तिवई आठवा. एक पाय पुढे आणि दोन पाय मागे, असे समजा. तिवई सरळ मागे रेटली तर टिकते. पण पुढच्या कोपऱ्याकडे तिरकी रेटली तर पटकन पडते, कारण त्या कोपऱ्याखाली पायच नाही. तीनचाकीचे तसेच आहे. वेगात वळण घेतले आणि त्याच वेळी ब्रेक दाबला, तर सगळे वजन त्या मोकळ्या कोपऱ्याकडे धावते. कडब्याची उंच रचलेली गाडी उतारावर कशी कलंडते, ते तुम्ही पाहिले आहे. माल उंच रचला तर तीनचाकीही तशीच कलंडते.

म्हणून तीन नियम पाठ करा. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. जड माल तळाला, हलका माल वर. आणि वजन मागच्या आसाच्या किंचित पुढे ठेवायचे. अगदी शेवटाला रचले तर चढावर पुढचे चाक उचलते, मग हँडल फिरवून उपयोग होत नाही.

मोटारसायकलवाल्याला आणखी एक धोका आहे. वीस वर्षे मोटारसायकल चालवली म्हणून तीनचाकी येते, असे नाही. मोटारसायकल वळताना कलते, आणि आपले अंगही आपोआप कलते. तीनचाकी कलत नाही. हँडल जेवढे फिरवाल तेवढीच ती वळते. जुना हात पहिल्या दिवसांत सवयीने अंग कलवतो आणि गाडी सरळ जाते! मोटारसायकलचा गिअर डाव्या पायात असतो. पुष्कळ तीनचाकींत तो डाव्या मुठीत असतो. घाबरलेल्या क्षणी हात-पाय जुनेच काम करतात. म्हणून आधी मोकळ्या मैदानात, रिकाम्या गाडीवर आठ दिवस शिका. मग थोडा माल घालून शिका. आणि पाय बाहेर टेकायची सवय पहिल्या दिवशीच सोडा. मागचे चाक पायावरून जाऊ शकते.

कुणी पाटणकडून कोयनानगरावरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या अंगाला माल नेत असेल, तर त्याने जास्तच जपावे. घाटात डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडू नये. नुसत्या ब्रेकवर उतरले की ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. ज्या गिअरवर चढायचे, त्याच गिअरवर उतरायचे.

चौथी गोष्ट, कागद. तुम्ही आता वाचायला शिकलात, त्याचा खरा उपयोग इथे आहे. मोटारसायकलचा परवाना तीनचाकीला चालत नाही. हलक्या मोटार वाहनाचा परवाना काढावा लागतो. मालाच्या लहान तीनचाकीला परमिट लागत नाही, पण पासिंग लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, आणि पुढे दरवर्षी. विमाही हवाच.

आणि नोंदणीच्या कागदावर एक ओळ असते, माणसे बसण्याची क्षमता. ती वाचा. मालाच्या गाडीत पुष्कळदा तिथे एकच आकडा असतो, चालविणाऱ्याचा. तुमच्यात कितीतरी जोडपी मिळून बाजार करतात. मोटारसायकलवर ती मागे बसते. तीनचाकी घेतली की ती बसणार कुठे? हौद्यात गाठोड्यांवर? तसे बसवणे कायद्याला मंजूर नाही. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. मग तिला एस.टी.ने यावे लागेल. २०२३ सालापासून एस.टी.त बायकांना निम्मे तिकीट आहे, हे खरे. पण पहाटे सहाच्या बाजाराला त्या गावची एस.टी. आहे का? हे गाडी घेण्याआधी दोघांनी बसून ठरवायचे. धंदा दोघांचा असेल, तर निर्णय एकट्याचा नको.

पाचवी गोष्ट, हिशेब. पाटी-पेन्सिल काढा. आकडे समजुतीचे आहेत, तुम्ही आपले घाला.

समजा, आठवड्याला पाच बाजार. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर. मोटारसायकल लिटरला पन्नास किलोमीटर देते, म्हणजे सहा लिटर लागले. तीनचाकी लिटरला तीस देते, म्हणजे दहा लिटर लागले. चार लिटर जास्त. सोयीसाठी लिटरचे १०० रुपये धरू. आठवड्याला ४०० रुपये जादा, चार आठवड्यांना १,६०० रुपये.

आता कर्जाचा हप्ता महिन्याला ८,००० धरा. विमा, पासिंग, टायर, दुरुस्ती यांचे मिळून महिन्याला २,००० धरा. सगळे मिळून ११,६०० रुपये झाले. महिन्याचे बाजार वीस. ११,६०० ला २० ने भागा. उत्तर ५८०.

म्हणजे काय? तर प्रत्येक बाजाराला आजच्यापेक्षा ५८० रुपये जास्त सुटले पाहिजेत. हे ५८० रुपये विक्रीचे नव्हेत बरे का, नफ्याचे. शंभराच्या विक्रीत वीस सुटत असतील, तर दर बाजाराला २,९०० रुपयांची विक्री वाढायला हवी. तेवढे गिऱ्हाईक आहे का? आज माल कमी पडतो म्हणून गिऱ्हाईक परत जाते का, की माल उरतो आणि तो परत बांधून आणावा लागतो? ज्याचा माल उरतो, त्याला मोठी गाडी काय देणार?

आणि पावसाळा विसरू नका. आषाढ-श्रावणात वीसाचे बाराच बाजार होतील. हप्ता मात्र आठ हजारच राहील. तेव्हा प्रत्येक बाजाराला नऊशेच्या वर जादा सुटायला हवे. हप्ता ढगाकडे बघत नाही. जे कुटुंब सुगीचा हिशेब करून कर्ज काढते आणि पावसाळ्याचा करत नाही, त्याची गाडी जाते, आणि कधी कधी गाडीपाठोपाठ बायकोच्या अंगावरचा दागिनाही जातो.

विजेच्या तीनचाकीचेही असेच. तिला डिझेल लागत नाही, रोजचा खर्च कमी. पण एका भारणीत किती किलोमीटर जाते, ते भरल्या गाडीने आणि तुमच्या चढावर पाहायचे. वीज रात्री किती तास असते? बॅटरीची हमी किती वर्षांची, आणि ती कागदावर लिहून दिली आहे का? हे विचारायचे.

मग आता काय करावे?

एक वही घाला. आजपासून एक महिना रोज पाच गोष्टी लिहा: गाव, माल किती नेला, किती विकला, किती परत आणला, तेल किती लागले. सहावी एक गोष्ट लिहा, आज अंग कुठे दुखले. हसू नका. अंग मोडले तर धंदा राहत नाही. ज्याचे गुडघे गेले, ज्याला गाडी पेलत नाही, त्याने नुसता पैसा पाहू नये. त्याच्यासाठी तीन चाके म्हणजे आणखी दहा वर्षांची कमाई असू शकते.

महिना झाल्यावर एखादी तीनचाकी आठवडाभर चालकासकट भाड्याने घ्या आणि तोच बाजार करून पाहा. विक्री वाढली का, ते वही सांगेल. मधली वाटही आहे. चारपाच दुकानदार एकाच बाजाराला जाता. सगळ्यांनी मिळून एक टेम्पो ठरवला तर जड माल त्यातून जाईल, आणि माणसे हलक्या मोटारसायकलवर. ना कर्ज, ना पाठदुखी. आणि तीनचाकी घेतलीच, तरी मोटारसायकल लगेच विकू नका. पहिला पावसाळा जाऊ द्या.

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' असे आपण म्हणतो. गाडीच्या बाबतीत आमचे सांगणे एवढेच, की मनालाही आधी वही दाखवा. ज्याच्या वहीत दर बाजाराला गिऱ्हाईक परत गेलेले दिसते, त्याने धीराने गाडी घ्यावी. ज्याच्या वहीत माल परत आलेला दिसतो, त्याने मोटारसायकलची साखळी घट्ट करावी, डोक्यावर शिरस्त्राण घालावे आणि आपल्या वाटेने जावे. त्यात कमीपणा नाही.

कर्जाच्या कागदावर अंगठा उठवायचे दिवस आपले गेले. आता सही करायची, आणि सहीच्या आधी वाचायचे. जे समजणार नाही ते वर्गात घेऊन या. आपण मिळून वाचू.

पुढच्या वेळी प्रत्येकाने आपल्या गाठोड्याचे वजन वहीत लिहून आणायचे. तिथूनच आपण हिशेबाला सुरुवात करू.