खरेदी किंमत
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘तुझ्या धंद्याबद्दल दहा मिनिटं बोल,’ असं संयोजकांनी सांगितलं. मी वेबसाइट बनवतो. नोकरी नाही, दुकान नाही, पाटी नाही. सिन्नरमध्ये घरच्या माडीवर बसून काम करतो. त्यामुळे गल्लीत अजूनही विचारतात, ‘सध्या घरीच का?’

सर, तुम्ही आम्हाला नफा-तोटा शिकवलात. एका व्यापाऱ्याने अमुक रुपयांना खुर्ची घेतली, तमुक रुपयांना विकली, तर शेकडा नफा किती? त्या धड्यात मला पैकीच्या पैकी मिळायचे. धंद्यात मात्र पहिली काही वर्षं मी त्याच धड्यात नापास होत होतो. तुमच्या गणितात खरेदी किंमत दिलेली असायची. माझ्या धंद्यात ती कोणी देत नाही. कापड नाही, लोखंड नाही, पोतं नाही. मग मी काय करायचो? समोरच्याचा चेहरा बघून आकडा सांगायचो. आणि चेहरा ओळखीचा असला की आकडा आपोआप खाली यायचा.

पहिलं काम 2014 साली आपल्याच वर्गातल्या एका मित्राचं केलं. तो इथेच बसला आहे आणि त्याला विचारूनच हे सांगतोय. मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे. ‘पाच पानांची वेबसाइट कर,’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘दे पाच हजार.’ एका पानाला एक हजार, एवढंच माझं गणित.

मग फोन सुरू झाले. फोटो बदल. रंग जरा उठावदार कर. इंग्रजीसोबत मराठीही टाक. मशीनची यादी वाढली आहे. चौकशीचा फॉर्म हवा. प्रत्येक वेळी ‘एवढंच एक छोटंसं’. मी नाही म्हणायचो नाही आणि मनातल्या मनात चिडायचो. काम चार महिने चाललं. शेवटी मी त्याचे फोन घेणं बंद केलं. त्याला वाटलं, ह्याने काम अर्धवट टाकलं. मला वाटलं, ह्याने मैत्रीचा फायदा घेतला. वर्षभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पाच हजारांच्या कामापायी पहिलीपासूनचा मित्र गमावायची वेळ आली होती.

त्या दिवसांत एकदा आईने विचारलं, ‘रात्र रात्र बसतोस, मिळतं किती?’ आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी आया-आज्या विड्या वळायच्या, तशी माझी आईही वळायची. सिन्नरला हे वेगळं सांगायला नको. मांडीवर सूप, त्यात पानं आणि तंबाखू. मजुरी हजारावर. त्या मजुरीत कोणी श्रीमंत झालं नाही, पण आज किती वळल्या, किती बाद झाल्या, हातात किती येणार, हे तिला झोपण्यापूर्वी माहीत असायचं. मी वहीत तास जुळवले. एकशे दहा तास भरले. 5,000 भागिले 110, म्हणजे तासाला 45 रुपये. त्यातून वीज आणि इंटरनेट वजा करायचं राहिलंच होतं. आई काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

शेवटी मीच मित्राच्या वर्कशॉपवर गेलो. भांडायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोलू? त्याने चहा मागवला आणि विचारलं, ‘तुझा मशीन अवर रेट किती?’ मी गप्प. मग त्याने त्याच्या कॉस्टिंगचा कागद दाखवला. मशीनचा हप्ता, वीज, ऑपरेटरचा पगार, टूलची झीज आणि मशीन रिकामं उभं राहतं तो वेळ. सगळं मिळून तासाचा दर. सेटिंगचे पैसे वेगळे. ड्रॉइंग बदललं की नवा रिव्हिजन नंबर आणि नवा दर. तो म्हणाला, ‘कंपनी मला ड्रॉइंग बदलून देते तेव्हा मी चिडत नाही, नवं कोटेशन देतो. तू मला कोटेशन दिलंच नाहीस. मला कसं कळणार, कुठे थांबायचं ते?’

मित्रांनो, त्याचं बरोबर होतं. मी त्याला दर सांगितला होता, पण त्या दरात काय येतं आणि काय येत नाही हे सांगितलंच नव्हतं.

त्याच टेबलावर आम्ही माझा दर काढला. आकडे तेव्हाचे आहेत. घरखर्च महिना 25,000. धंद्याचा खर्च, म्हणजे इंटरनेट, वीज, लॅपटॉपची झीज, विमा, 7,000. एकूण 32,000, वर्षाचे 3,84,000. आता तास. सणवार, आजारपण, रविवार सोडून 240 दिवस. दिवसाचे आठ तास धरू नका. फोन, भेटी, कोटेशन, नवं शिकणं यांचे पैसे कोणी देत नाही. पैसे मिळणारे तास दिवसाला चारच. म्हणजे वर्षाला 960. भागाकार केला, तर तासाला 400 रुपये. सर, हीच ती खरेदी किंमत! म्हणजे ते एकशे दहा तासांचं काम मी 44,000 ऐवजी 5,000 ला केलं होतं.

पण हा तासाचा दर मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. आज सराव झाला आहे. चाळीस तासांचं काम पंचवीस तासांत होतं. तासावर पैसे घेतले तर हात बसला म्हणून स्वतःलाच दंड केल्यासारखं होईल. म्हणून गिऱ्हाइकाला अख्ख्या कामाची किंमत सांगायची आणि तासाचा दर आपल्या वहीत ठेवायचा. त्याच्या खाली जायचं नाही, एवढ्यासाठी. अंदाज नेहमी चुकतो, म्हणून वर वीस टक्के धरायचे.

बाकीच्या गोष्टी ठेच लागत लागत शिकलो. आपली मुलं आता या धंद्यात येत आहेत, म्हणून पटकन सांगतो. काय करणार, किती पानं, किती वेळा बदल, हे कागदावर लिहा. मी दोनदा बदल करून देतो, तिसऱ्याचे पैसे. चाळीस टक्के आगाऊ घेतल्याशिवाय सुरुवात नाही. डोमेन आणि होस्टिंग गिऱ्हाइकाच्याच नावावर घ्या, त्याची किल्ली आपल्याकडे अडकवून ठेवू नका. वर्षाची देखभाल वेगळी लावा.

एका पार्टीने बिलातून 10 टक्के कापले तेव्हा मी तावातावाने फोन केला होता. तो टीडीएस निघाला, माझ्याच नावाने जमा झालेला. विवरणपत्र भरल्यावर हिशेबात धरला गेला. दुसऱ्या एका पार्टीने सहा महिने पैसे लटकवले. तेव्हा कळलं, की 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यात आपल्यासारख्यांसाठीही तरतूद आहे. उद्यम नोंदणी असेल तर करार काहीही म्हणो, पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. नोंदणी फुकट आहे. ती काम घेण्याआधीच करून ठेवा.

आता लोक म्हणतात, ‘एआय मिनिटात वेबसाइट करतं, तुला कशाला द्यायचे?’ मी म्हणतो, जरूर करून घ्या. पण तुमच्या गिऱ्हाइकाला काय विचारायचं असतं, तुमची कोणती गोष्ट आधी दिसली पाहिजे, रात्री साइट बंद पडली तर कोणाला फोन करायचा, याचे पैसे मी घेतो. पटलं तर द्या.

शेवटचं. या मेळाव्यासाठी शाळेची वेबसाइट करायचं ठरलं तेव्हा समितीत कोणीतरी म्हणालं, ‘पोरगं आपलंच आहे, फुकट करेल.’ करणारच आहे. पण कोटेशन देऊन. त्यात कामाची पूर्ण किंमत लिहिली आहे, तिच्याखाली ‘माजी विद्यार्थ्याकडून भेट’ आणि एकूण देय रक्कम शून्य. दिलं किती, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही माहीत असावं, म्हणजे पुढे कोणी फोन घेणं बंद करत नाही. डोमेन शाळेच्याच नावावर राहील. आणि मुख्याध्यापक सर, बदल फक्त दोनदा!

ते कोटेशन टाइप झाल्यावर आधी माझ्या त्या मित्राने तपासलं. आता ते आपल्या गणिताच्या सरांकडे देतो. सर, या वेळी खरेदी किंमत मी स्वतः काढली आहे. बरोबर असेल तर खाली सही करा.