मोठे हॉटेल आणि लहान मुले

‘हॉटेल’ हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला खरा, पण त्याचा अर्थ मात्र तिकडेच ठेवून आलो. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्काम करावयाची जागा. मराठीत हॉटेल म्हणजे चहा-भजी खावयाची. ‘चला, हॉटेलात जाऊ’ असे म्हणून कोणी वळकटी बांधावयास घेत नाही. मुक्कामासाठी आपल्याजवळ निराळे शब्द होते. क्षेत्राच्या गावी धर्मशाळा, तालुक्याच्या गावी लॉज आणि उरलेल्या सर्व गावी नातेवाईक. मुले बरोबर असली म्हणजे तर नातेवाइकांवाचून दुसरा विचारच नसे. मामाच्या घरी माजघरात एक लांब सतरंजी अंथरली, की तीवर सहा मुले झोपत आणि आठ आली तर आठ झोपत. ‘किती वर्षांपर्यंतची मुले फुकट?’ हा प्रश्न मामाला कधी कोणी विचारला नाही.

आता दिवस बदलले आहेत. मामाचे घर दोन खोल्यांचे झाले आहे, मामी नोकरीला जाते, आणि पाहुण्यालाही दुसऱ्याच्या घरी संकोच वाटू लागला आहे. त्यामुळे मुलाबाळांसह मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉटेलात उतरणारी मध्यमवर्गीय कुटुंबे आज दिसू लागली आहेत. कोणी प्रवास-सवलतीत बचत करून जातो, कोणी लग्नकार्याच्या निमित्ताने जातो. आम्ही गेलो ते असेच. एका आप्ताचे लग्न मुंबईत होते, आणि यजमानांनी पाहुण्यांची सोय समुद्रकाठच्या एका पंचतारांकित हॉटेलात केली होती. सरकारी नोकराच्या आचारनियमांत आप्तांचे असे आदरातिथ्य बसते की नाही, हे मी आधी पाहून घेतले. बसते म्हणून गेलो. बरोबर अकरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा होता. त्या दोन रात्रींत मी जे पाहिले ते बहुतेक या दोघांच्या डोळ्यांनी पाहिले. म्हणून आजचा विषय थोरामोठ्यांच्या हॉटेलांचा असला, तरी बोलावयाचे आहे ते मुलांविषयी.

आधी थोडी सरकारी माहिती सांगतो, कारण ती माझ्या हाडीमासी भिनलेली आहे. प्रवाशाच्या निवाऱ्यावर सरकारची नजर फार जुनी आहे. १८६७ साली आपल्या देशात सराईंविषयी एक कायदा झाला. सराई चालविणाऱ्याने खोल्या, ओवऱ्या आणि विहिरी स्वच्छ ठेवाव्यात, दरपत्रक लोकांना दिसेल असे लावावे, पहारेकरी नेमावेत, इतकेच नव्हे, तर ज्या झाडांवरून चोर आत चढू शकेल ती झाडे व त्या फांद्या तोडाव्यात, असे त्यात सांगितले होते. आज हॉटेलांना तारे देण्याचे काम केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती करते. एका ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत, आणि त्याहीवर ‘डिलक्स’ म्हणून एक पायरी. दिवसाला साडेसात हजार रुपयांहून अधिक भाडे असलेल्या खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर पडतो. तारे मोजण्याचे निकष पुष्कळ आहेत. परंतु तेथून परतणारे मूल काय शिकून घरी जाते, याला मात्र कोठे रकाना नाही.

हॉटेलात शिरताच मोठ्या माणसाचे काय होते, ते आपण सर्व जाणतो. तो एकाएकी हळू बोलू लागतो. संगमरवरावर आपल्या चपलांचा आवाज होतो म्हणून चवड्यांवर चालतो. खोलीत गेल्यावर प्रथम पाहतो ती पाण्याची बाटली, आणि ती फुकट की विकत याचा निकाल लागेपर्यंत तहान आवरून धरतो. लहानशा शीतकपाटातील बदामांच्या पुडीला तर तो विंचवासारखा जपतो. मुलाला यांतले काहीच होत नाही. त्याला किंमत ठाऊक नसते, म्हणून त्याला जागा दिसते. भिंतीवरच्या खाचेत पत्ता सरकविला की दिवे लागतात आणि काढला की विझतात, हा शोध आमच्या चिरंजीवांनी पहिल्या मिनिटात लावला व पुढली दहा मिनिटे तो सिद्ध करून दाखविला. लिफ्टमध्ये जाण्यास त्याला कारण लागत नव्हते. स्नानगृहातील पंचे मोजून झाले, पडदे सात वेळा सरकवून झाले, आणि मग प्रश्न सुरू झाले. चादरी सगळ्या पांढऱ्याच का? मी सांगितले, पांढऱ्यावर डाग लपत नाही आणि पांढरे कापड कडक पाण्यात धुता येते. त्यावर लगेच दुसरा प्रश्न आला : धुतो कोण?

या दुसऱ्या प्रश्नाशी मला थोडे थांबावेसे वाटते. मोठे हॉटेल ज्या कौशल्याने बांधलेले असते, ते कौशल्य नेमके हा प्रश्न मनात येऊ नये म्हणून खर्चिलेले असते. आपण जेवावयास खाली जातो. परत येतो तो अंथरूण ताणलेले, केर काढलेला, ओला पंचा जाऊन कोरडा आलेला. हात कोणाचे, ते दिसत नाही. अशा इमारतीत वस्तुतः दोन इमारती असतात. एक पाहुण्यांची : तिला रुंद जिना, गालिचा आणि मंद प्रकाश. दुसरी कामगारांची : तिला अरुंद जिना, उघडे नळ, पांढरा झगझगीत दिवा, ढकलगाड्या आणि कपड्यांची गाठोडी. दोहोंच्या मध्ये भिंतीच्याच रंगाने रंगविलेले एक दार असते, आणि ते बहुधा आपल्या ध्यानातही येत नाही. खोली आवरणारा एक माणूस एका पाळीत साधारणपणे बारा ते पंधरा खोल्या आवरतो. आपल्याकडच्या बड्या हॉटेलांत खोल्यांपेक्षा कामगारांची संख्या बहुधा अधिक असते. एवढी माणसे भोवती वावरत असूनही आपल्याला एकटे असल्याचा भास होतो, यालाच आपण आराम म्हणतो.

मुलाला मात्र ते दार दिसते. आमच्या मुलाने ते दुसऱ्याच दिवशी शोधून काढले आणि ढकलून आत डोकावला. आतून एक गृहस्थ गाडी घेऊन बाहेर येत होते. ते प्रथम इंग्रजीत, मग हिंदीत बोलले. आणि मुलगा मराठी बोलतो असे कळताच त्यांच्या चेहऱ्यावरचा गणवेश उतरला. ‘काय रे बाळा, वाट चुकलास का?’ असे म्हणून ते त्याला हाताला धरून आमच्या खोलीशी घेऊन आले. मुलीने विचारले, ‘काका, तुम्ही इथेच राहता का?’ ते हसून म्हणाले, ‘नाही ग, मी बदलापूरला राहतो. सातची पाळी असली की चारला उठतो.’ त्यांनाही तिच्याच वयाची मुलगी होती. ‘मग ती इथे येते का खेळायला?’ ‘ती कशी येईल? पण मी रोज तिला सांगतो, आज कोण आले, काय म्हणाले. आज तुमची गोष्ट सांगीन.’ एवढे बोलून ते पुढच्या खोलीकडे गेले. दुसऱ्या सकाळी मी उठलो तेव्हा दोन्ही मुले पलंगाच्या दोन बाजूंना उभी राहून चादर ताणीत होती. ‘काकांना बारा खोल्या असतात,’ असे मला सांगण्यात आले. चादर काही नीट ताणली गेली नाही. काकांना ती पुन्हा काढावीच लागली असेल. पण त्यांना थांबवावे असे मला वाटले नाही.

हॉटेल आणि मूल हे शब्द जवळ आले, की आपल्या पिढीला आणखी एक मूल आठवल्यावाचून राहात नाही. तो म्हणजे आपल्या मराठी हॉटेलातला ‘पोऱ्या’. हातात ओले फडके, बोटांत अडकविलेले चार पेले, आणि मालकाची हाक आली की टेबलांमधून पळणारा. कोकणातून, घाटावरून, दक्षिण कानड्यातून अशी कितीतरी मुले मुंबईला आली. दिवसा कपबश्या विसळून त्यांतली काही रात्रशाळेत शिकली. आपण वडिलांचे बोट धरून भजी खावयास जात होतो तेव्हा टेबल पुसणारा तो आपल्याच वयाचा होता. आपण त्याच्याकडे पाहिले होते काय? बहुधा नाही. त्याच्याकडे पाहावयाचे नसते, हे आपल्याला कोणी शब्दांनी शिकविले नव्हते. वडीलमाणसे पाहात नाहीत एवढे पाहूनच आपण ते शिकलो. १९८६ च्या बालकामगारविषयक कायद्याखाली, १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलांत, ढाब्यांवर आणि घरकामाला ठेवण्यास बंदी झाली. २०१६ च्या दुरुस्तीने, कौटुंबिक व्यवसायातील मदतीसारखे काही अपवाद सोडून, ही बंदी सर्वच धंद्यांना लागू झाली. कायद्याने पोऱ्याला टेबलाच्या त्या बाजूने दूर केले, हे योग्यच झाले. पण अलीकडच्या बाजूला बसलेल्या मुलाच्या डोळ्यांसाठी कायदा करता येत नाही.

परदेशातही हा प्रश्न निराळ्या रूपाने दिसतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या मोठ्या हॉटेलांत मुलांची व त्यांच्या दायांची जेवणाची खोली वेगळी असे. मूल आणि नोकर हे दोघेही सभ्य दालनाबाहेरचे. न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात राहणाऱ्या एलॉइज नावाच्या सहा वर्षांच्या मुलीवर के थॉम्प्सन यांनी १९५५ साली एक पुस्तक लिहिले, ते तिकडे घरोघर वाचले गेले. तिची आई सदा दूर असते. तिच्यासोबत असते ती दाई, आणि तिचे जग म्हणजे त्या हॉटेलातली माणसे. लेखिकेने ते विनोदाने लिहिले आहे. तरी वाचताना वाटते, की ऐश्वर्यात वाढणाऱ्या मुलाला माणसे भेटतात ती बहुधा मागच्या दाराने.

या मागच्या दाराचे मोल आपल्या मुंबईने एकदा फार जड किंमत देऊन पाहिले आहे. गेटवेसमोरचे ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. गेटवे पुरा झाला तो १९२४ साली, म्हणजे हॉटेल कमानीहून वडील. त्याचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी केला. वैद्य मध्येच निवर्तले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुरे केले. पहिल्या महायुद्धात तेथे सहाशे खाटांचे इस्पितळ होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री त्या इमारतीत दहशतवादी शिरले, तेव्हा रुंद जिने आणि दालने ही मृत्यूची जागा झाली. त्या वेळी कितीएक पाहुण्यांना बाहेर काढले ते स्वयंपाकघरातून आणि कामगारांच्या वाटांनी. त्या वाटा ठाऊक होत्या त्या स्वयंपाक्यांना आणि वाढप्यांना. दूरध्वनीवर काम करणाऱ्या मुली खोल्याखोल्यांतून अडकलेल्या माणसांना दार बंद ठेवा, दिवे मालवा म्हणून सांगत राहिल्या. पाहुण्यांना पुढे घालून स्वतः मागे राहिलेल्या काही कामगारांनी त्या रात्री प्राण गमावले. पाहुण्यांच्या नजरेआड ठेवलेली वाट आणि पाहुण्यांनी कधी नाव न विचारलेली माणसे, यांनीच त्यांना वाचविले. ही हकीकत मी मुलीला सांगितली. तिने फक्त विचारले, ‘त्या काकांना पण ती वाट माहीत असेल ना?’

अतिथीला देव मानावे असे आपले उपनिषद सांगते. पण त्या देवानेही काही करावयाचे असते. मामाच्या घरी पाहुणे म्हणून गेलेले मूल दुसऱ्या दिवशी ताटे घेऊ लागे, तिसऱ्या दिवशी निवडलेल्या भाजीचे देठ टाकून येई. आणि चौथ्या दिवशी ते पाहुणे उरत नसे. घेतलेले काहीतरी परत करावयाचे, हे त्याला असे न सांगता कळे. हॉटेलात पैसे दिले की परतफेड संपली असे आपण मोठी माणसे मानतो. मुलाने पैसे दिलेले नसतात. त्याचे देणे शिल्लक असते, आणि ते फेडण्याची त्याची इच्छाही असते. ती इच्छा ‘राहू दे, त्यांचे कामच आहे ते’ या एका वाक्याने आपण मारून टाकतो. दोन दिवस सेवा घेण्याने मूल बिघडत नाही; बिघडते ते अशा वाक्यांनी.

म्हणून मुलांना मोठ्या हॉटेलात नेऊ नये, असे मी म्हणणार नाही. जरूर न्यावे. गरम पाण्याच्या नळाची चकली कोणती, पोहण्याच्या तलावात एकट्याने उतरावयाचे नाही, वाट चुकल्यास खोलीचा क्रमांक कोणाला सांगावयाचा, हे आपण सांगतोच. त्याबरोबरच आणखी थोडे सांगावे. सकाळी भरल्या टेबलावरून संपेल तेवढेच ताटात घ्यावे. छातीवरच्या पट्टीवर नाव लिहिलेले असते ते वाचावे, आणि त्या नावाला काका किंवा ताई जोडून हाक मारावी. निघताना खोली अशी ठेवावी, की पुढे येणाऱ्या माणसाला आपला राग येऊ नये. या गोष्टींना पैसा पडत नाही आणि त्यांवर करही नाही. बदलापूरच्या त्या घरी एक मुलगी रात्री वडिलांची वाट पाहात असते, आणि आज कोण आले, काय म्हणाले, हे त्यांना विचारीत असते. तिला सांगण्याजोगे काहीतरी आपली मुले तेथे ठेवून येतील, तर त्यांचा मुक्काम चांगला झाला असे मी समजेन.