टेम्पो आलाच नाही तर



महिनाअखेर आहे. भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार संपलाय. भांडी पोत्यांत गेली, गाद्यांच्या वळकट्या झाल्या. नव्या सोसायटीने सामानासाठी लिफ्ट दिलीय ती फक्त सकाळी दहा ते एक. आणि आगाऊ पैसे घेतलेला पॅकर्स-मूव्हर्सचा माणूस आधी सांगतो, "गाडी निघालीय." मग सांगतो, "कात्रजला अडकलीय." दुपारनंतर तो फोनच उचलत नाही.

पुष्कळ जण चार शिव्या देऊन आगाऊ रक्कम सोडून देतात. मला हे पटत नाही. पैसे घ्यायचे आणि यायचंच नाही, याला ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी म्हणतात. आगाऊ रक्कम परत मिळायलाच हवी. खरा वाद असतो तो त्यापलीकडच्या नुकसानीचा, आणि तिथेच बहुतेकांची तक्रार लंगडी पडते.

भारतीय करार कायदा 1872 चा. त्याचं 73 वं कलम सांगतं, करार मोडल्यामुळे ओघानेच झालेलं नुकसान भरून मिळेल. किंवा असं नुकसान होईल हे करार करतानाच दोघांना ठाऊक असेल, तर तेही मिळेल. दूरान्वयाने झालेलं मिळणार नाही. या विचाराच्या मुळाशी 1854 चा एक इंग्रजी खटला आहे, आणि गंमत म्हणजे तोही माल वाहून नेणाऱ्यांवरचाच. ग्लॉस्टरच्या एका पिठाच्या गिरणीचा दांडा मोडला. नवा घडवायला नमुना म्हणून तो वाहतूकदाराकडे दिला. त्याने दिरंगाई केली, गिरणी तेवढे दिवस बंद राहिली. मालकांनी बुडालेला नफा मागितला. न्यायालय म्हणालं, या एका दांड्यावाचून गिरणी ठप्प आहे हे त्याला सांगितलं होतं का? सांगितल्याचं धरता आलं नाही, नफा मिळाला नाही.

आता आपल्या टेम्पोकडे या. ऐन वेळी दुसरी गाडी जास्त भाड्याने करावी लागली, तर तो फरक ओघाने झालेलं नुकसान. पण जुन्या मालकाने डिपॉझिटमधून कापलेलं जादा भाडं? इथे समोरचा म्हणणार, "आम्हाला काय ठाऊक!" म्हणून बुकिंग करतानाच व्हॉट्सॲपवर लिहा: 31 तारखेला संध्याकाळपर्यंत घर रिकामं करायचं आहे, नाहीतर मालक जादा भाडं कापणार. त्यावर त्याचा नुसता "ओके" आला, तरी तुमच्या नंतरच्या सगळ्या संतापापेक्षा तो मोलाचा.

73 व्या कलमाचं स्पष्टीकरण आणखी एक गोष्ट पाहायला सांगतं. नुकसान आटोक्यात ठेवायला तुमच्या हाती काय उपाय होते? तेव्हा सामान दारात मांडून दोन दिवस वाट बघू नका. वाजवी भाड्याची दुसरी गाडी करा आणि तिची पावती घ्या. पावती मिळत नसेल, तर निदान पैसे यूपीआयने द्या.

मग फर्मला लेखी मागणी पाठवा: आगाऊ इतके, भाड्यातला फरक इतका, अमुक दिवसांत द्या. दाद नाही लागली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुढचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोगाचा. फर्मचं ऑफिस दुसऱ्या शहरात असलं तरी बिघडत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकीलही सक्तीचा नाही. मानसिक त्रासाची आणि तक्रारीच्या खर्चाची भरपाई मागता येते, पण लाखांची स्वप्नं पाहू नयेत. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हेही सांगून ठेवतो.

एक मात्र आधीच तपासा. पाटीवरचं नाव, पावतीवरचं नाव आणि ज्या खात्यात पैसे गेले ते नाव एकच आहे का? पत्ता खरा आहे का? नोटीस बजावायला माणूसच सापडला नाही, तर उत्तम तक्रारसुद्धा कपाटात पडून राहते.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. ज्यांचा टेम्पो गेल्या वर्षी आला नाही, त्यांनी जुने मेसेज अजून पुसले नसतील तर पुसू नयेत.