गळका नळ, तुंबलेली मोरी



घराची निगा म्हटली की आपल्याला रंगरंगोटी आठवते, दारेखिडक्या आठवतात. घराच्या पोटातून गेलेल्या नळांची आठवण मात्र ते दुखू लागल्यावाचून होत नाही. आज मी त्यांच्याविषयीच बोलणार आहे. या विषयातील माझा अधिकार इंजिनिअराचा नव्हे, चूक करून शहाण्या झालेल्या गृहस्थाचा आहे.

सरकारी नोकरीनिमित्त मी बंगळूरच्या शिवाजीनगरात राहतो. लष्करी छावणीच्या काळात या वस्तीला ब्लॅकपल्ली म्हणत. रसेल मार्केटच्या आसपास दाट गल्ल्या आहेत आणि जुन्या घरांवर नवे मजले चढलेले आहेत. अशाच एका घरात, मोरीलगतच्या भिंतीवर, एका पावसाळ्यात ओलीचा डाग उमटला. कचेरीत अडचणीच्या प्रकरणावर ‘यथावकाश पाहावे’ असा शेरा मारावा, तसा मी तो डाग बाजूला ठेवला. पुढे पोपडे सुटू लागले, तेव्हा गवंडी बोलावून सिमेंटचा गिलावा करून घेतला. डाग दिसेनासा झाला. प्रकरण निकालात निघाले, अशी मी समजूत करून घेतली.

दीड महिन्याने धाकट्या मुलीला कावीळ झाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याविषयी. दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीची बीजे पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा चार आठवडे जातात, असे ते म्हणाले. मी मनातल्या मनात दिवस मागे मोजले आणि गप्प राहिलो.

मग एका वृद्ध मिस्त्रींनी भिंतीच्या पायथ्याशी खणून पाहिले. सांडपाण्याच्या खापरी नळाचा जोड उकलला होता. त्याच्याच खाली, सदैव ओल्या राहिलेल्या मातीत, पिण्याच्या पाण्याचा लोखंडी नळ गंजून त्याला भोके पडली होती. माझा गिलावा पाहून मिस्त्री दखनीत एवढेच म्हणाले, “साब, ऊपर सिमेंट नक्को.” हा ‘नक्को’ म्हणजे आपल्याच ‘नको’चा भाऊ. परमुलखात आपला शब्द कानी पडल्याचा आनंद एरवी झाला असता. त्या दिवशी तो मनाला लागला.

नळात दाब असतो तोवर पाणी छिद्रातून बाहेर गळते. परंतु पुरवठा ठराविक वेळेपुरताच असला, तर तो थांबल्यावर नळ रिकामा होतो आणि त्याच छिद्रातून बाहेरची घाण आत ओढली जाते. एका घराची मोरी किती अनर्थ घडवू शकते, हे लंडनने १८५४ साली पाहिले. ब्रॉड स्ट्रीटवरील पटकीच्या साथीत सहाशेंहून अधिक माणसे दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांनी तेथील सार्वजनिक पंपाकडे बोट दाखविले. पुढच्या वर्षीच्या तपासणीत आढळले, की शेजारच्या घराच्या सांडपाण्याच्या हौदाचे विटकाम ढासळले होते आणि हौद व विहीर यांत तीन फुटांचेही अंतर नव्हते. त्याच घरातील आजारी तान्ह्या मुलाचे मळके कपडे धुतलेले पाणी त्या हौदात जात असे.

तेव्हा पहिले काम मूळ शोधण्याचे. रात्री सर्व तोट्या बंद करून मीटरचा आकडा टिपून ठेवावा. सकाळी तो पुढे सरकलेला दिसला, तर कोठे तरी गळती आहे. शौचकुपाच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकावा. पाणी न सोडता तो भांड्यात उतरला, तर टाकी गळते आहे. तोटी ठिबकत असेल, तर मुख्य चावी बंद करून झिजलेला वायसर बदलावा. एवढे काम कोणालाही जमेल. आट्यांचा जोड गळत असेल, तर तो उघडून जुना ताग व सफेदा खरवडावा आणि नवी टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळून जोड पुन्हा आवळावा. गंजलेला नळ मात्र चिंध्या बांधून टिकत नाही. तेवढा तुकडा बदलावाच लागतो.

मोरी तुंबली की आपण आम्लाची बाटली हाती घेतो. तसे करू नये. त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली गेली, तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. आधी जाळी काढून केस व गाळ उपसावा, मग लवचीक सळई फिरवावी. पुन:पुन्हा तुंबत असेल, तर ढाळ तपासून घ्यावा. चार इंची नळाला चाळीस फुटांस एक फूट ढाळ असावा, असा जुना संकेत आहे. जमिनीखालचे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. पिण्याचा नळ मोरीपासून दूर आणि वरच्या पातळीवर घेण्याचा आग्रह धरावा. काम झाल्यावर टाकी धुऊन निर्जंतुक करावी.

शिवाजीनगरात येणारे कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, जवळजवळ पाचशे मीटर उंच चढवून आणलेले असते. पहिल्या टप्प्याचे पाणी १९७४ साली शहरात आले. सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी वर्षाकाठी सुमारे दीड हजार लिटर पाणी वाया घालविते. इतक्या श्रमाने आलेल्या पाण्याची अखेरच्या दहा फुटांतली जबाबदारी आपली आहे.

मुलगी आता बरी आहे. आजाराचे मूळ तेच होते, हे मी सिद्ध करू शकणार नाही. पण मनाची खात्री आहे. नळ बदलले, जोड नवे झाले. भिंतीला मात्र मी अजून गिलावा केलेला नाही. एक पावसाळा ती कोरडी राहिलेली पाहीन, मगच करीन.